दृष्टांत कुणाच्या घरचा?

पंडित उग्रनाथ झा यांनी आयुष्यात दहा-बारा हजार वेळा तरी 'जसे की स्वयंपाकघर' असे म्हटले असेल. न्यायशास्त्र शिकवणाऱ्याला ते म्हणावेच लागते. अनुमान मांडायचे तर त्याला पाच अवयव लागतात, आणि ते विद्यार्थ्यांकडून पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात. डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसे की स्वयंपाकघर, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर विस्तव आहे, हे निगमन. पंडितजींनी हे चाळीस वर्षे शिकवले. आता गंमत अशी की मिथिलेतल्या त्या ठाडीपोखर गावाच्या आसपास डोंगर औषधालाही नव्हता. जिकडे बघावे तिकडे भातखाचरे आणि पोखरी, म्हणजे तळी. आणि स्वयंपाकघर घरातच असले तरी पंडितजी तिथे कधी गेले नव्हते. ताट बाहेर येत असे, ते जेवत असत आणि ताट परत आत जात असे.

माघातल्या एका दुपारी त्यांची पत्नी कामेश्वरी दरभंग्याच्या डोळ्याच्या डॉक्टरकडून परत आली आणि हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "अहो, ऐकता का? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, तेवीस दिवसांनी ऑपरेशन करू. पण घरातला चुलीचा धूर बंद झाला असेल तरच. नाहीतर म्हणतात, उगाच चिरफाड करून माझी मेहनत वाया घालवू नका."

"आणि तेवीस दिवसांत नाही झालं तर?"

"तर पुढच्या थंडीत. तोवर मी तुम्हाला आवाजावरून ओळखीन. तो तसा गावभर ऐकू येतोच."

पंडितजी गंभीर झाले. कामेश्वरीचे डोळे वर्षभर लाल असायचे, पण ती रागावलेली असते अशी त्यांची समजूत होती.

तेवढ्यात शेजारचे जीवछ चौधरी पान चघळत आले. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून गावातले कुठलेही पत्र त्यांना दाखवल्याशिवाय लिहिले जात नसे. त्यांनी बातमी आणली होती की बाजारातल्या गॅस एजन्सीत दहा कनेक्शनं वेगळी आली आहेत. एरवी गॅससाठी नंबर लावून माणसे म्हातारी होत, पण ही दहा खास होती. घरात डोळ्याचा किंवा छातीचा पेशंट असावा आणि स्वयंपाकघरात धूर असल्याची मॅनेजरची खात्री पटावी, एवढेच.

"एका ओळीचं काम आहे पंडितजी," चौधरी म्हणाले. "लिहा, बायकोच्या डोळ्यांना धुराचा त्रास होतो, गॅस द्यावा. खाली सही. संपलं."

"ही केवळ प्रतिज्ञा झाली," पंडितजी म्हणाले. "हेतू कुठे आहे? उद्या कुणीही उठून म्हणेल माझ्याकडे धूर आहे. मॅनेजरने का मानावं?"

"अहो, कारण तो मॅनेजर आहे, त्याला दुसरी कामं आहेत!"

पण पंडितजींनी कागद ओढला होता. एकदा त्यांनी कागद ओढला की घरातल्या कुणाचे काही चालत नसे, आणि घरात एकटी कामेश्वरीच होती. त्यांनी पाच अवयवांचा अर्ज झरझर लिहिला. आमच्या स्वयंपाकघरात धूर आहे. कारण तिथे विस्तव आहे. वगैरे. डोक्यावर पाग चढवली, जी ते फक्त लग्नात आणि शास्त्रार्थात चढवत, आणि सायकलरिक्षा करून स्वतः जाऊन अर्ज देऊन आले.

चौथ्या दिवशी अर्ज परत आला. समासात लाल शाईने लिहिले होते: 'विस्तव असेल तिथे धूर असतोच असे नाही. तापून लाल झालेला लोखंडी गोळा पाहावा. तसेच आमचा गॅस पाहावा. हेतू भरकटलेला आहे. मो. ना. ठाकूर, मॅनेजर.'

पंडितजींनी तो कागद दोनदा वाचला आणि अंगणातल्या खाटेवर पडले. तापलेल्या लोखंडी गोळ्यात विस्तव असतो आणि धूर नसतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. जो चुकतो त्याला पंडितजी स्वतः दाराबाहेर उभे करत. आणि आज एक सिलिंडर विकणारा माणूस त्यांना दाराबाहेर उभे करत होता! वाचणार कोण, या भरवशावर त्यांनी घाईत लिहिले होते आणि नेमका वाचणारा भेटला होता.

चौधरींनी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. हा मोदनारायण ठाकूर शिकला होता कॉमर्स, पण त्याचे आजोबा नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित होते. साठ वर्षांपूर्वी एका लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष यांच्यात शास्त्रार्थ झाला, त्यात पंडितजींच्या आजोबांनी या ठाकुरांच्या आजोबांना दही-चुड्याची, म्हणजे दही-पोह्यांची पंगत उठायच्या आत गप्प केले होते. ठाकूर मंडळी त्या लग्नातून न जेवता उठली. मिथिलेत माणसे जमीन विसरतील, पण असली गोष्ट तीन पिढ्या जपून ठेवतात.

"म्हणजे वाद आहे तर," पंडितजी खाटेवरून उठून बसले. त्यांचे डोळे चमकत होते. "बघतोच आता त्याला!"

"भौजींच्या डोळ्यांचं बघा आधी," चौधरी म्हणाले. कामेश्वरीला ते भौजी म्हणत.

"तेच बघतोय!"

दुसरा अर्ज लिहायला तीन दिवस गेले. यावेळी हेतूला कुठूनही फट ठेवली नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात धूर आहे, कारण तिथे ओल्या लाकडांचा विस्तव आहे. विस्तवाला ओले लाकूड मिळाले की धूर येणारच, त्यातून ब्रह्मदेवही सुटणार नाही. मग पंडितजींनी चाळीस वर्षांच्या सवयीने पुढे लिहिले, 'जसे की स्वयंपाकघर.'

अर्ज दोन दिवसांत परत आला. लाल शाई या वेळी जरा जास्तच होती: 'स्वयंपाकघर हे स्वयंपाकघरावरून सिद्ध करता? वाद ज्या जागेबद्दल आहे तीच जागा दाखला म्हणून कशी चालेल? दोन्ही पक्षांना मान्य असा बाहेरचा दृष्टांत द्यावा.'

पंडितजींनी कपाळाला हात लावला. आक्षेप अगदी बरोबर होता, हेच सगळ्यात वाईट होते. शास्त्रकारांनी डोंगरासाठी स्वयंपाकघराचा दाखला दिला. पण स्वयंपाकघरच संशयात सापडले तर दाखला कशाचा द्यायचा, याची सोय कुणी करून ठेवलेली नव्हती.

"त्या मॅनेजरलाच घरी बोलवा ना," कामेश्वरी आतून म्हणाली. "दारात उभा राहिला तरी रडत परत जाईल."

"डोळ्यांनी बघायचं असेल तर अनुमानाचा काय उपयोग?" पंडितजी म्हणाले. "त्याने डोळ्यांनी बघितलं की मी हरलो. लोक म्हणतील, उग्रनाथ झाला साधा धूर सिद्ध करता आला नाही."

मग ती म्हणाली, "तुमच्या डोक्यात नुसता धूर आहे हो. विस्तवाचा पत्ता नाही."

हे वाक्य पंडितजींच्या फार जिव्हारी लागले. नवरा म्हणून नव्हे. धूर आहे आणि विस्तव नाही, असे विधान त्यांच्या घरात, त्यांच्या लग्नाच्या बायकोच्या तोंडून निघावे, याचे त्यांना दुःख झाले.

मग दृष्टांताचा शोध सुरू झाला. वीटभट्टी सुचली, पण तिथे कोळसा जाळत. स्मशान सुचले. ओली लाकडे, भरपूर धूर, आणि वाद घालायला कुणी उठून येणार नाही. पंडितजींनी ते आनंदाने लिहूनही टाकले, पण चौधरींनी तो कागद हिसकावून फाडला. "भौजींच्या डोळ्यांच्या अर्जात चिता घालता? लाज वाटते का?"

"मग तुमचं स्वयंपाकघर घालू?"

"घाला की! आमच्याकडे काय कमी धूर आहे? आमची ही तर दिवसभर खोकत असते."

झाले. 'जसे की शेजारी जीवछ चौधरी यांचे स्वयंपाकघर' असा तिसरा अर्ज गेला. दृष्टांत दोन्ही पक्षांना मान्य हवा म्हणून मोदनारायण ठाकूर जातीने आले. गोल चेहऱ्याचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. त्यांनी पंडितजींना वाकून नमस्कार केला, चौधरींच्या घरात गेले, आणि डोळे पुसत बाहेर आले.

"दृष्टांत मान्य," ते म्हणाले.

पंडितजींनी चौधरींकडे असे बघितले की जणू लग्न जमले.

तीन दिवसांनी बैलगाडीतून लाल सिलिंडर आला आणि चौधरींच्या दारात उतरला. मागून पंडितजींचा अर्ज आला. 'नियमाप्रमाणे ज्या घरात मॅनेजरने धूर प्रत्यक्ष पाहिला, तिथल्या खोकणाऱ्या पेशंटला कनेक्शन देणे भाग होते. आता त्या स्वयंपाकघरात धूर उरलेला नाही. दृष्टांत बाद. नवा द्यावा.'

"मी काही मागितलं नव्हतं हो," चौधरी दाराआडून म्हणाले. आतून फोडणीचा वास येत होता आणि खोकला येत नव्हता.

खरे तर इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण पंडितजी पेटले होते. एक दृष्टांत पडला तर दोन देऊ. त्यांनी पोखरीपलीकडच्या शाळामास्तरांचे आणि मखाने विकणाऱ्या फुलोबाईचे, अशी दोन स्वयंपाकघरे दिली. ठाकूर आले, दोन्हीकडे रडले, दोन्ही दृष्टांत मान्य केले, आणि दोन सिलिंडर आले.

मग गावाला अक्कल आली. एका सकाळी पंडितजी दात घासायला बाहेर आले तर अंगणात रांग उभी होती.

"पंडितजी, आमच्याकडे पण लई धूर आहे. आम्हाला दृष्टांत करा."

"काका, तुमच्यासाठी रोहू आणलाय, आत्ता पोखरीतून काढला. माझ्या सासूचा दमा तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या अर्जात कुठेतरी बसवा ना म्हातारीला."

"पंडितजी, या बाईकडे कोरडी लाकडं असतात! विचारा तिला! ही कसली दृष्टांत होतेय!"

"तूच बघायला आलेलास माझी लाकडं?"

पंडितजी हरखून गेले. चाळीस वर्षांत दृष्टांत या शब्दाला एवढी मागणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. विद्यापीठात विद्यार्थी मागच्या दाराने पळत, आणि इथे बायाबापड्या उपनय म्हणजे काय ते विचारत होत्या. तुपात तळलेले मखाने घरी येऊ लागले, तिलकोराच्या पानांची भजी येऊ लागली. मुखिया स्वतः येऊन बसले आणि म्हणाले, पंचायतीची प्रतिष्ठा म्हणून तरी आमचं घर आधी घ्या. पंडितजी प्रत्येकाचे सरपण तपासत, ओल बघत, उलटतपासणी घेत, आणि रोज नवा अर्ज पाठवत. रोज लाल शाई येई. आणि रोज गावात कुठेतरी एक चूल विझे.

एकविसाव्या दिवशी चौधरी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "नऊ गेले."

"काय नऊ?"

"दहातले नऊ सिलिंडर. सगळे याच गावात. गावातली छाती-डोळ्यांची जेवढी म्हणून आजारी माणसं होती, तेवढ्यांच्या घरात आता गॅस आहे. एक तुमचं घर सोडून. पंडितजी, परवा दरभंग्याला जायचंय."

दहावा दृष्टांत मुखियांचा होता. अर्ज लिहून तयार होता, फक्त ओल्या लाकडांबद्दल एक शब्द नेमका हवा होता. ओल किती असली म्हणजे धूर येतो, हे कुणालातरी विचारायला हवे होते. ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत गेले.

आत काही दिसेना. मग हळूहळू कामेश्वरी दिसली. चुलीपुढे उकिडवी बसून ती फुंकणीने फुंकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पुसायचेही तिच्या लक्षात येत नव्हते इतके ते नेहमीचे होते. तिने हात लांब केला, मिठाचा डबा चाचपला, सापडला नाही, मग गरम कढईच्या काठाला बोटे लागली. तिने ती तोंडात घातली आणि दुसऱ्या हाताने पुन्हा चाचपू लागली. डबा तिच्या गुडघ्यापाशीच होता.

"कोण आहे?" ती म्हणाली.

दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्याला तिने ओळखले नव्हते.

"मी," पंडितजी म्हणाले. "हे... ही लाकडं ओली का आहेत?"

"वळचणीखाली असतात म्हणून. धुक्यात भिजतात."

"मग कोरड्या खोलीत का नाही ठेवत?"

"कोरडी खोली एकच आहे," कामेश्वरी म्हणाली. "तिच्यात तुमच्या पोथ्या आहेत."

पंडितजी तिथेच पाटावर बसले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती सगळी धुराची नव्हती. एवढी वर्षे ते या जागेच्या नावाने जगाला शिकवत आले आणि या जागेत काय चालते हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी मिठाचा डबा उचलून तिच्या हातात दिला, मुखियांचा अर्ज चुलीत घातला, आणि तसेच उठून बाजाराच्या वाटेला लागले. पाग घातली नाही. चपला घातल्या, पण एक चौधरींची होती.

ठाकूर एजन्सीत लाल शाईची दौत उघडून बसले होते. पंडितजींना बघताच उभे राहिले. "या पंडितजी! नवा दृष्टांत?"

"नाही," पंडितजी म्हणाले. "बायकोच्या डोळ्यांना धुराचा त्रास होतो. गॅस द्यावा."

ठाकुरांनी कागदासाठी हात पुढे केला. "आणि हेतू?"

"हेतू नाही. उदाहरण नाही. मी हरलो. तुमचे आजोबा जिंकले, हवं तर तसं लिहून देतो, सही करतो. तिला मी दोन हातांवरून दिसत नाही हो! परवा ऑपरेशन आहे. घरी चला, डोळ्यांनी बघा, खात्री करून घ्या."

ठाकुरांच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले. त्यांनी हळूच दौतीचे झाकण लावले.

"पंडितजी, मला वाटलं डोळ्याचा पेशंट तुम्हीच आहात. चाळिशी लागली असेल. अर्जात पेशंटचं नाव कुठेच नव्हतं," ते म्हणाले. "अहो, इथे माणसं येतात, एका ओळीचा अर्ज टाकतात, भांडतात, जातात. अकरा वर्षांत तुम्ही पहिले, ज्यांनी मला पाच अवयव लिहून पाठवले. मी रोज टपालाची वाट बघायचो. संध्याकाळी घरी जाऊन आजोबांच्या पोथ्या काढायचो. मला वाटायचं, हे कधी संपूच नये." मग म्हणाले, "काकी कधीपासून अशा आहेत?"

"वर्ष झालं. मला वाटायचं रागावली आहे."

दहावा सिलिंडर पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात बाजूला काढून ठेवलेला होता. त्यावर खडूने 'झा' लिहिले होते. ठाकुरांनी तो स्वतः रिक्षात चढवला, शेगडी मांडीवर घेतली, आणि वाटेत दोघेही एकमेकांकडे न बघता बसले. कामेश्वरीने दोघांना दारात उभे करून एवढेच विचारले, "संपला का तुमचा शास्त्रार्थ?" आणि दोघांनीही खाली मान घातली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले. कामेश्वरी दोन्ही डोळ्यांवर जाड पट्ट्या बांधून घरी आली आणि खाटेवर बसली. आठ दिवस उठायचे नाही, वाकायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. पोथ्या ओसरीवर आल्या आणि लाकडांसाठी कोरडी खोली रिकामी झाली, तेव्हा लाकडांची गरजच उरली नव्हती. स्वयंपाक पंडितजींकडे आला. पहिल्या दिवशी त्यांनी दूध तापत ठेवले आणि आपल्या दहाही अर्जांची नक्कल नीट लावून ठेवायला बसले. दुधाचा कोळसा झाला. घरात धूर कोंडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध ठेवले. यावेळी पंडितजी दारातच उभे होते, पण ठाकुरांचे पत्र आले होते, घरगुती, निळ्या शाईत. विस्तवाशिवाय धूर कुठे दाखवता येतो का, यावर त्यांना चार शंका होत्या.

"अहो," कामेश्वरी खाटेवरून म्हणाली, "दूध करपतंय."

"छे, आत्ताच तर ठेवलं," पंडितजी पत्रातून मान वर न काढता म्हणाले. "कशावरून?"

"वास येतोय."

"वासाने काय सिद्ध होतं?"

"असा वास आला की दूध करपलेलं असतं. काल नव्हतं करपलं? काल तुम्हीच पातेलं घासलंत. अगदी तसाच वास आत्ता येतोय. म्हणून सांगते, दूध करपतंय."

पंडितजींच्या हातून पत्र गळाले. त्यांनी बोटांवर मोजले. प्रतिज्ञा. हेतू. उदाहरण, आणि तेही असे, की दोन्ही पक्षांना मान्य, वाद घालायला जागाच नाही. उपनय. निगमन. एक फट नव्हती. एक शब्द जास्त नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधून, खाटेवर बसून, जिने उभ्या आयुष्यात पाटी धरली नाही, त्या बाईने हे केले होते! चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून त्यांनी इतके निर्दोष अनुमान ऐकले नव्हते. त्यांचा ऊर भरून आला.

"कामेश्वरी," ते म्हणाले, "तू पाचही अवयव..."

"सहावाही ऐका," ती म्हणाली. "आत जा आणि गॅस बंद करा!"